पोपीचं चौथं पिल्लू

साकवाच्या बरोबर मध्यावर दोघं समोरासमोर आली, आणि मागे सरायला दोघंही तयार नव्हती.

साकव तो केवढा, एका माणसापुरता! खाली श्रावणातली गढूळ सावित्री दुथडी भरून चाललेली. इकडून बनू पोलादपूरच्या शिवणक्लासला निघालेली, छातीशी पांढरीशुभ्र पोपी धरून. तिकडून हैबती, डोक्यावर दळणाचा डबा घेऊन तिच्या वाडीतल्या गिरणीकडे आणि त्याच्या मागे त्याचा कुत्रा वाघ्या.

"मागं सर की," हैबती म्हणाला.

"तुम्हीच सरा. माझ्या हातात जीव हाय... तुमच्या डोक्यावर नुसतं पीठ."

"पीठ नाय, तांदूळ हायत. पीठ व्हायला तर तुझ्याच वाडीत चाललोय."

बनूला हसू फुटलं, ते तिनं पोपीच्या केसांत लपवलं. आणि तो गडी खरंच मागे सरायला लागला. डोक्यावर डबा, पाऊल मागे आणि नजर पुढे... तिच्यावर! दोनदा तोल गेला, तरी नजर काही हलली नाही. पलीकडे उतरल्यावर म्हणाला, परत कधी येणार? ती म्हणाली, क्लास रोजच असतो. झालं! तिथेच काम फत्ते झालं होतं, फक्त दोघांना ते कबूल करायला महिना लागला.

त्या महिन्यात हैबतीच्या घरी जेवढं दळण झालं तेवढं लग्नघरातसुद्धा होत नाही. महाडच्या एस.टी. डेपोत तो हेल्पर होता. पाळी संपवून आला की डबा उचलायचा आणि साकव गाठायचा. त्याची आई प्रयागबाई म्हणाली, कणगीत चार दाणे तरी ठेव रे बाबा, उद्या काय शिजवू?

आता पोपीचं सांगायला हवं. बनूचा भाऊ सोमा मुंबईला एका शेठकडे कामाला होता. शेठचं बिऱ्हाड परदेशी गेलं आणि ही झुबकेदार शेपटीची पामेरियन सोमाच्या गळ्यात पडली. त्यानं ती गावी आणून सोडली. अर्धी वाडी बघायला लोटली, ही मेंढी की कुत्री म्हणून. बाईसाहेबांना सगळं चाले, एक साकव चालत नसे. फळ्यांच्या फटीतून पाणी दिसलं की चारी पाय पसरून बसायची. तिला उचलूनच पलीकडे न्यावं लागे, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि बनूशिवाय ती कुणाला हात लावू देत नसे.

भादव्यात पलीकडच्या काठावर बनू आणि हैबती बोलत बसली. बोलण्याच्या नादात कुत्र्यांकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. भादवाच तो!

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पोपी व्याली. चार पिल्लं. एक आईसारखं पांढरं, एक काळं, एक बदामी, आणि चौथं नुसतंच मळकट. बनू हरखून गेली. पण आठव्या दिवशी त्या मळकट पिल्लाच्या अंगावर तांबूस रंग उजळला, त्यावर काळे पट्टे उमटले आणि शेपटीचं टोक पांढरं दिसायला लागलं. तांबूस अंग, काळे पट्टे, पांढरं टोक – उभ्या खोऱ्यात असा कुत्रा एकच होता, हैबतीचा वाघ्या!

दुसऱ्या कुणाच्या घरी हे खपूनही गेलं असतं. पण बनूचा बाप म्हणजे कोंडाजी, पोलादपूरपासून महाडपर्यंतचा नामांकित बैलपारखी. कोसा, मोरा, बांडा, कबरा... रंग कुठलाही असो, वासराच्या कातड्यावरून तो वळू ओळखायचा. आणि हैबतीचा बाप येसाजी त्याचा जुना वैरी. बारा वर्षांपूर्वी भर बाजारात येसाजीच्या बैलाच्या कपाळावरचा भोवरा बघून कोंडाजीनं खोट काढली होती. गिऱ्हाईक पळालं आणि तेव्हापासून दोन घरांत पाण्याचाही व्यवहार उरला नव्हता. त्यातून तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी बनूला बघायला मुंबईची मंडळी येणार होती. आबांना आता कळलं तर शिवणक्लास बंद, साकव बंद आणि हैबती जन्माचा बंद.

मग बनूनं अक्कल चालवली. पिठाच्या डब्यातून मूठभर तांदळाचं पीठ घेतलं आणि पिल्लाच्या पट्ट्यांवर चोळलं. पिल्लू पांढरं झालं. वा गो बनू, शाबास, असं स्वतःलाच म्हणत ती पाण्याला गेली.

परत आली तर आबा टोपलीपाशी उकिडवे बसलेले. पोपीनं पिल्लू चाटून लख्ख केलं होतं. पट्टे झळकत होते आणि पोपीचं काळं नाक पिठानं पांढरं झालं होतं.

"पट्टे काल सांजेलाच दिसले व्हते मला," आबा शांतपणे म्हणाले. "म्हटलं, वाघ्या इकडं आला असंल कधीतरी. पण पीठ कोणी लावलं? आणि पोपीला उचलून पलीकडं नेतं कोण?"

बनूनं घागर खाली ठेवली आणि हात पाठीमागे लपवले.

आबांनी पिल्लांची टोपली उचलली. "पोपीला घे. साकव ओलांडायचाय."

पुढे बनू, मागे बाप. तिचं काळीज असं धडधडत होतं की पोपीसुद्धा कान टवकारून ऐकत होती. आबा मारतील? भांडतील? येसाजीकाका कोयता काढतील? आणि इतक्या धास्तीतही तिच्या मनात येतच होतं, आज ते घरी असतील ना...

होते. हैबती अंगणातच, डोक्यावर दळणाचा डबा. बनूच्या मागे कोंडाजीला बघून तो तसाच खिळला. वाघ्या मात्र धावत येऊन पोपीचं नाक चाटायला लागला. आता लपवायला राहिलं काय?

कोंडाजीनं टोपली येसाजीसमोर ठेवली. "तुझ्या कुत्र्याची हायत. ज्याचा नर, त्याचं पहिलं पिल्लू. निवड."

येसाजीनं बराच वेळ टोपलीत पाहिलं. मग पट्टेरी पिल्लू उचलून कोंडाजीच्या पुढ्यात धरलं. "नीट बघ. खोट असंल तर आत्ताच सांग."

कोंडाजीनं पिल्लाच्या कपाळावरून अंगठा फिरवला.

"तुझा तो बैल किती वर्सं चालला?"

"अकरा. एक दिस बसला नाय."

"मंग माझंच चुकलं व्हतं," कोंडाजी म्हणाला. बारा वर्षं अडकलेलं ते वाक्य असं सहज बाहेर पडलं, आणि येसाजी मान फिरवून प्रयागबाईला चहा टाकायला सांगू लागला.

कोंडाजी हैबतीकडे वळला. "आणि तुझं काय रे? इतकं दळण कुणासाठी दळतोस?"

हैबतीनं डबा खाली ठेवला. एकदा बनूकडे पाहिलं. "मला पिल्लू नको, मामा. मला... बनू पायजे."

मामा! पोरगं नातं जोडून मोकळंही झालं. कोंडाजीला हसू आवरेना, पण त्यानं तोंड कडक ठेवून लेकीला विचारलं, तुझं काय म्हणणं.

बनूनं पोपीला आणखी घट्ट धरलं. "मुंबईवाल्यांना नको म्हणून कळवा, आबा. मला हेच पायजेत."

चहा झाला. निघताना कोंडाजीनं पिल्लांची टोपली बनूकडे दिली आणि पोपीला स्वतःच उचललं. आश्चर्य म्हणजे ती गुरगुरली नाही. साकवावर तो झपाझपा पुढे निघाला, मागे एकदाही न बघता.

मध्यावर बनू थांबली, वळली. हैबती डबा डोक्यावर घेऊन मागोमाग येत होता.

"आता कुठं?" तिनं विचारलं.

"गिरणीत. तांदूळ तसेच राहिलेत ना."

"मग चला की," बनू म्हणाली. या खेपेला मागे सरायची पाळी कुणावरच आली नाही.