पात्यावरचा डाग

यावर हसायचं असेल तर खुशाल हसा. पण त्या शुक्रवारी दुपारी अडीच वाजता विद्यापीठाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत मी होते, आणि जे झालं ते माझ्या या उजव्या हाताला झालं.



माझा विषय होता पवनचक्कीच्या पात्यांवर चिकटणारे किडे. त्यानं वीज खरंच कमी होते. आमचं विंड टनेल म्हणजे वळवून स्वतःलाच जोडलेला, माणूस आत चालू शकेल एवढा पाइप. एका कोपऱ्यात वारा सोडणारा पंखा, मध्ये काचेची खिडकी, आणि खिडकीमागे पात्याचा हातभर तुकडा. खऱ्या, भंगारात निघालेल्या पवनचक्कीचा.

त्यावर किड्यांचा थर मीच द्यायचे. दिव्यांखाली मेलेले किडे गोळा करायचे, वाळवायचे, डिंकात वाटायचे. आमचे सर म्हणजे उष्ट्या हातानं कावळा न हाकणारे, त्यामुळे मिक्सरही माझाच.

तो मी नंतर फेकून दिला.

सोमवारी प्रबंध द्यायचा होता. मळक्या पात्याची तीन रीडिंग तेवढी बाकी होती.

"रीडिंग नसतील तर येऊच नकोस," सर म्हणाले होते. "एक वर्ष थांब."

बाबा त्याच वर्षी निवृत्त झाले होते. वर्षभर थांबणं मला शक्यच नव्हतं.

मंगळवारी थर देऊन वाळायला ठेवला. बुधवारी सकाळी येऊन बघते तर...

पातं लख्ख.

"मामा, तुम्ही पुसलंत का हो?"

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. "त्या घाणीला मी कशाला हात लावू, ताई? किल्ली तर तुमच्याकडेच."

पुन्हा थर दिला. गुरुवारी पुन्हा लख्ख. या वेळी मी बोट लावून पाहिलं...

ओलं होतं.

चिकट. कोमट. बोट नाकाशी नेलं. शिळ्या तोंडाचा वास होता तो.

मी तिसऱ्यांदा थर दिला. मामा दारातच उभे होते.

"हा तुकडा आणायला ट्रकबरोबर मी गेलो होतो, ताई," ते म्हणाले. "तिथली माणसं सांगत होती. दोरीला लटकून पाती पुसणारा एक जण होता. खाली मुकादम. एक डाग दिसला की पुन्हा वर पाठवायचा. त्या दिवशी चौथ्यांदा पाठवला. पाणी संपलेलं. मग त्यानं शेवटचा डाग..."

मामांनी जीभ बाहेर काढून दाखवली.

"तेवढ्यात दोर सुटला. 'झालं, उतर' हे त्याच्या कानावर पडलंच नाही. पातं साफ असेल तेव्हा तुम्ही तेवढं म्हणून टाका. सुटेल बिचारा."

शास्त्र शिकलेल्या मुलीनं पात्याशी बोलायचं? मी मनातल्या मनात हसले.

शुक्रवारी दुपारी थर जागेवर होता. मी पंखा सुरू केला. काचेआड पातं आणि वारा, बाकी काही नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत...

थरावर एक ओला पट्टा उमटला. दोन बोटं रुंद. खालून वर.

मग त्याच्या शेजारी दुसरा.

पंखा घरघरत होता, तरी तो आवाज आला. लप्... लप्... लप्.

पळायला हवं होतं. 'झालं' म्हणायचीही सोय नव्हती, घाण समोर दिसत होती. नवा थर वाळायला अख्खा दिवस लागतो, आणि शनिवार-रविवार अख्ख्या तळघराला विद्यापीठाचं कुलूप.

वाटीत उरलेला किड्यांचा लगदा मी उजव्या तळहाताला फासला, अंगठ्याखालच्या तिळापर्यंत. टनेलच्या तळाला उपकरण घालायचं भोक आहे, पात्याच्या मागच्या बाजूला. तिथून हात आत सरकवला.

"आधी इथे साफ कर," मी म्हणाले.

पात्यावरचा पट्टा थांबला.

मग माझ्या मनगटाला... गरम, खरखरीत काहीतरी लागलं.

तीन रीडिंग. प्रत्येकी दहा मिनिटं. डाव्या हातानं मी आकडे उतरवत होते. ते बोटांच्या बेचक्यांत शिरत होतं, नखांखाली शिरत होतं. मी दोनदा ओकले, तिथेच, उभ्यानं. हात मात्र काढला नाही.

रीडिंग सुरेख आली. हात चाटून साफ झाला होता; 'झालं, उतर' म्हणायचं तेव्हाच होतं. मी आधी फाइल सेव्ह केली आणि बेसिनकडे धावले.

पदवी मिळाली. नोकरी लागली. त्याला आता सहा वर्षं झाली.

जेवून उठते. बेसिनवर आधीच कुणीतरी असतं, म्हणून खरकटा हात घेऊन थांबते. आणि खाली बघते तर...

हात स्वच्छ. ओला.

मी रोज म्हणायचे, "झालं, उतर." पण त्याला डाग दिसत असावा. अंगठ्याखालचा तीळ फिकट होत चालला होता. गेल्या महिन्यात तो उरलाच नाही.

त्या दिवशी मी मोठ्यानं म्हणाले, "झालं रे बाबा. उतर."

दोन आठवडे हात कोरडा राहिला. सुटले एकदाची, असं वाटलं. आईला फोन करून रडलेसुद्धा.

आज सकाळी जाग आली तेव्हा हनुवटी ओली होती. उशीला तोच शिळ्या तोंडाचा वास.

माझा दुसरा तीळ ओठाखाली आहे.