जुन्या टायरची पायताणं

युद्धावर शिपायांची लॉरी चालवणारा मानसिंग तेवढा सुखरूप परतला, पण लष्करी लॉरीची सवय काही सुटेना. म्हणून त्यानं लिलावातून तसलीच एक लॉरी घेतली आणि पलूसचा गूळ सांगलीच्या पेठेत पोचवू लागला. वर्षभरात टायर पार झिजले. परमिटावर नवे मिळाले, ते त्यानं लिंबाखाली जॅक लावून स्वतःच चढवले. प्रश्न जुन्या चारांचा राहिला. उकिरड्यावर टाकावेत तर गाव हसणार, जाळावेत तर धुरानं गाव रडणार.

"मला दे गड्या," रहिमान चपलावाला म्हणाला. "पायताणं करतो. सगळ्या गावाला लॉरीनं फिरवतो."

रहिमाननं आधी एकेका टायरातून एकेक जोड काढून बघितला. एक म्हाताऱ्या केरबाआबांनी नेला, एक गुंडा पैलवानानं, एक कोंडीबानं. चौथा जोड टायरांच्या बदल्यात मानसिंगच्या बायकोला, साळूबाईला मिळाला. तिला तो आवडलाही. काटा टोचत नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुरपं घेऊन रानात म्हणून निघाली आणि तासगावच्या रस्त्याला लागली. रहिमाननं ते पाहिलं आणि मानसिंगच्या दारात येऊन उभा राहिला. घामानं डबडबला होता. बाकीचे तिघंही तिच्याबरोबर असल्याचं त्यानं सांगितलं. हाक मारली तर कुणी वळून बघत नाही, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

मानसिंगनं त्याला लॉरीत घेतलं आणि त्यांना गाठलं. पुढं आबा आणि गुंडा, मागं कोंडीबा आणि साळूबाई. मधे लॉरीएवढं अंतर. सत्तरीचे आबा आणि तालमीतला गुंडा एकाच चालीनं चालले होते. वळण आलं तसे पुढचे दोघं आधी तिरके झाले, मागचे सरळ येऊन मग वळले. समोरून येणारी बैलगाडी रस्ता सोडून खाली उतरली. बैल त्या चौघांकडं बघत नव्हते. मधल्या रिकाम्या जागेकडं बघत होते.

आपल्याला हसू येईल असं मानसिंगला वाटलं होतं. आलं नाही.

त्यानं साळूबाईला कवेत धरून उचलायचं बघितलं. गुळाच्या ढेपी उचलणारा गडी, पण तिची टाचसुद्धा हलली नाही. उलट तोच रस्त्यावर फरफटत गेला.

"जॅक लावायचा का?" रहिमाननं विचारलं. तो थट्टा करत नव्हता.

मग मानसिंगला सुचलं ते वेगळंच. लॉरी वळवून तो गावात गेला आणि आपल्या वडिलांना, लालासाहेबांना, घेऊन आला. चौघांच्या पुढं जाऊन त्यानं म्हाताऱ्याला रस्त्यात उभं केलं. सासऱ्यासमोरून पायताण घालून जाणारी सून त्या घराण्यात झाली नव्हती.

साळूबाई जवळ आली. सासरा दिसताच तिनं पदर पुढं ओढला, पायताणातून पाय काढले, जोड हातात घेतला आणि खालमानेनं बाजूला झाली.

बाकीचे तिघं जागीच थांबले.

चाक काढलेली लॉरी जशी एका कोपऱ्यावर कलते, तसे ते तिघं कलले. आबांच्या नाकातून रक्त आलं.

रहिमाननं साळूबाईच्या हातातून जोड घेतला. "मी केलंय, मलाच निस्तरलं पायजे," म्हणाला. बाईमाणसाच्या मापाची पायताणं, पण त्याच्या पायाला बरोबर बसली.

तिघं सरळ झाले. चौघं चालू लागले.

मानसिंग त्यांच्या मागं गेला नाही. बायको मिळाली होती.

घरी साळूबाईनं पाय धुतले. भाकरी मागून खाल्ली. तो समोर बसून होता.

"लय जड वाटलं?" त्यानं विचारलं.

"न्हाई. माणसं लय हुती आत, खाकीतली, पर समदी गप बसल्याली." तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला. "म्होरं बसून चाक धराय कोन न्हवतं. मी ईचारलं, बसू का मी? तर न्हाई म्हनले. म्हनले, ती मानसिंगची जागा हाय."

लग्न झाल्यापासून साळूबाईनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. आज घेतलं, आणि तेही हजेरीला पुकारावं तसं.