हत्तिणीच्या खोलीतली बिडी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजी वानखड्यांच्या दारात एक पोलीस शिपाई सायकल टेकवून उभा राहिला. फौजदारसाहेबांनी ताबडतोब कापसाच्या जिनात बोलावलंय म्हणाला. बॅटरी फुटली होती आणि एक माणूस दवाखान्यात होता.

"फुटली कधी?"

"खंडेनवमीले. सकाळी धा वाजता."

"मंग दोन दिवस काय तिचं तोंड पायत बसले होते?"

शिपायानं सायकल वळवली. नत्थुजींना अख्ख्या अकोल्यात कुणी उत्तर देत नसे. माणूस रेल्वेच्या बॅटरी शेडमध्ये सव्वीस वर्षं गाड्यांच्या दिव्यांच्या बॅटऱ्या भारत, म्हणजे चार्ज करत, आला होता. उजव्या अंगठ्याचं नख तेजाबानं, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडनं, खाल्लेलं, आणि जीभही त्याच पाण्यात बुडवून काढल्यासारखी. जगात दोन जातीची माणसं असतात, असं ते म्हणत. एक तेजाबाला भिणारी आणि दुसरी गाढवं. दुसऱ्यांची वस्ती मोठी.

जिन स्टेशनाच्या पलीकडे होतं. कापूस यायला नुकती सुरुवात झालेली. १९६३च्या या हंगामासाठी शेठजींनी मुंबईहून कापसाच्या गठाणी उचलायची विजेची गाडी आणली होती. पुढे दोन लोखंडी सुळे, म्हणून कामगार तिला हत्तीण म्हणत. तिच्या पोटात हंडाभर तेजाबाची बॅटरी. ती रोज भारायला वेगळी टिनाची खोली बांधली होती, भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला होता, आणि मुंबईच्या इंजिनियरनं नियमांची पाटी लावली होती. पाटी इंग्रजीत. कामगारांना इंग्रजी येत नव्हतं आणि ज्याला येत होतं तो मॅनेजर तिच्यावर छत्री अडकवत असे.

दारातच मॅनेजर भगवंतराव भेटले. नुकतेच फटफटीवरून उतरले होते. हँडलला जाड काचांचा मोठा चष्मा लटकत होता, कारण साहेबांच्या डोळ्यांत धूळ जाते. फौजदार वामनराव त्यांच्या शेजारी पान चघळत उभे होते. वामनरावांनी उभ्या आयुष्यात बॅटरी पाहिली ती हातातल्या विजेरीची. तरी गुन्हा त्यांनी सोडवून टाकला होता.

त्यांनी तो तिथंच उभ्या उभ्या ऐकवला. बॅटरी सांभाळणारा देवमन तायडे, वय चोवीस, अमरावतीला वायरमनचा कोर्स केलेला. खंडेनवमीच्या सकाळी बॅटरी भारायला लावली, पंखा बंद ठेवला, वर बिडी पेटवली. बॅटरीतून निघणारा वायू भडकला. देवमनचा उजवा डोळा गेला, डावा वाचेल असं डॉक्टर म्हणतात. भगवंतराव आगीत शिरले आणि त्याला उचलून बाहेर आणलं. आता देवमनवर हयगयीचा खटला. नोकरी गेल्यातच जमा. फक्त बॅटरीच्या जाणकाराची एक सही कागदावर हवी होती, म्हणून नत्थुजी.

"सही करतो," नत्थुजी म्हणाले. "आंदी पाह्यतो. का बिना पाह्यताच करू, तुमच्यासारखी?"

वामनराव हसले. अपमान समजायलाही थोडी अक्कल लागते.

खोलीत अजून तेजाबाचा आंबूस वास होता. बॅटरीचे तीन कप्पे फुटले होते. फरशीवर तेजाब सांडून पांढरट चट्टे पडले होते. कोपऱ्यातलं पोतं जाळीसारखं झालेलं, नत्थुजींनी काठी लावली तर भुगा झाला. भिंतीशी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याची बादली होती. तेजाब सांडलं तर त्याचा जोर मारायला ठेवतात ती. पंख्याचं बटण खाली, म्हणजे बंद.

मग ते वर बघत राहिले. छताच्या टिनाला आतून मोठा पोचा आला होता, चौकोनी. हत्तिणीच्या पाठीवरचं, बॅटरी झाकायचं लोखंडी झाकण कोपऱ्यात वाकडं होऊन पडलं होतं.

"हे झाकण वर उडालं," नत्थुजी म्हणाले.

"उडणारच," भगवंतराव म्हणाले. "स्फोट झाला ना."

"हं. बिडी दाखवा."

वामनरावांनी खिशातून पुडी काढली. अर्धी ओढलेली बिडी, पान तपकिरी, लाल दोरा घट्ट बांधलेला. स्फोटानंतर दोन तासांनी पोलीस आले तेव्हा बॅटरीच्या अगदी खालीच सापडली, असं भगवंतरावांनी सांगितलं. त्यांनीच ती दाखवून दिली होती. नत्थुजींनी दोरा नखानं ओढून पाहिला. तुटला नाही.

उंबऱ्याच्या दगडाशी नारळाच्या करवंटीचा तुकडा पडला होता. विचारलं तर भगवंतराव म्हणाले, खंडेनवमी होती, इंजिनाची पूजा झाली, तिथला आला असेल. इंजिनघर आवाराच्या दुसऱ्या टोकाला होतं. नत्थुजींनी तुकडा पायानं सरकवला आणि तिथून इंजिनघरापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं.

दवाखान्यात देवमन डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडला होता. उशाशी आई सुंदराबाई. पोरगा बिडीला हात लावत नाही, असं तिनं फौजदाराला तीनदा सांगितलं होतं. प्रत्येक आई असंच सांगते, असं फौजदाराचं मत पडलं.

"काय आठवते?" नत्थुजींनी विचारलं.

"बॅटरी भारायले लावली. झाकण उघडं ठेवलं, रोज ठेवतो. वायू कोंडला नाही पायजे न. पंखा लावला. मंग गोदामातून बॅटरीत घालायचं पाणी आणाले गेलो. हातात कॅन होता." त्यानं पट्टीला हात लावला. "त्याच्यापुढचं नाही आठवत, काका. सारे म्हणतात पंखा बंद होता. मीच इसरलो असन काय?"

या एका प्रश्नानं पोरगा दोन दिवस झोपला नव्हता. डोळा गेला त्यापेक्षा हे त्याला जास्त टोचत होतं. मॅनेजरशी भांडण होतं का, असं नत्थुजींनी विचारलं. भांडण नाही, म्हणाला. आदल्या दिवशी भगवंतरावांनी हत्तिणीची पूजा खोलीतच मांडायला सांगितली होती. देवमननं नाही म्हटलं. मी इथं दिवा लावत नाही आणि लावूही देत नाही.

"मंग?"

"ते सगळ्याईसमोर म्हणाले, तू बुद्धाचा झाला, तुले देव नाही, म्हणून आमालेबी नाही काय? सारे हासले."

नत्थुजी उठले. जाता जाता त्यांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणाले की डावा डोळा वाचला तो कुणीतरी जागेवरच घागरीनं साधं पाणी ओतत राहिल्यामुळे.

जिनात परतल्यावर नत्थुजी थेट कापूस निवडणाऱ्या बायांच्या शेडमध्ये गेले. पोलिसांनी तिकडे पाऊलही टाकलं नव्हतं. बायांना काय कळतं, नाही का? एकीच्या लुगड्याचा पदर आणि छातीवरचा भाग चाळणीसारखा झाला होता. हाताला फडकं बांधलेलं. ती जमुना.

"बाई, तुह्यं लुगडं काहून जयलं?"

जमुनानं भोकं पडलेला पदर सावरला. मग म्हणाली, आवाज झाला तशी ती धावली. देवमन उंबऱ्यात तोंड धरून पडला होता. तिनं त्याला बगलेत धरून रांजणापाशी ओढत नेलं आणि पाणी ओतत बसली. तेजाब पडलं तर पाणी ओता, ओततच राहा, हे देवमननंच सगळ्या बायांना शिकवलं होतं. आणि मॅनेजरसाहेब? साहेब आवारात उभे होते. माणसं देवमनला बैलगाडीत घालून न्यायला लागली तेव्हा साहेब खोलीत गेले.

"हे फौजदाराले काहून नाही सांगितलं?"

"मले कोणी इचारलंच नाही."

नत्थुजींनी कपाळावर हात मारला. मग शिपायाला बाजारात पाठवून एक लिंबू आणायला सांगितलं.

भगवंतरावांच्या कचेरीत खुंटीवर एक पांढरा सदरा टांगला होता, सकाळीच नत्थुजींनी खिडकीतून पाहिलेला. शेठजी आले की दाखवायला. दोन्ही बाह्यांच्या टोकांना लालभडक डाग. देवमनला उचललं तेव्हाचं रक्त, म्हणे. सदरा धुवायचा नाही, असं त्यांनी घरी बजावलं होतं. मानकऱ्यानं बक्षीस मिळालेला शेला मिरवावा तसा ते तो सदरा दोन दिवस मिरवत होते.

नत्थुजी खुर्चीवर बसले. दारात जमुना उभी होती, तिला त्यांनी आत बोलावून दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. भगवंतरावांच्या भुवया चढल्या.

"साहेब, हाच सदरा अंगात होता न?"

"हाच."

"देवमनले दोन्ही हातानं उचललं?"

"छातीशी धरून आणलं. तेजाबानं निथळत होता बिचारा."

"लिवून घ्या, फौजदारसाहेब," नत्थुजी म्हणाले. "बिचारासुद्धा लिवा."

मग त्यांनी लिंबू चिरलं आणि बाहीवरच्या डागावर पिळलं. लाल डाग पाहता पाहता पिवळा झाला. पिवळाधम्मक, हळकुंडासारखा. जमुनाच्या तोंडून "बाप्पा, हे त हळद हाय!" असं निघालं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. वामनरावांचं पान चघळायचं थांबलं.

"तुमच्याईच्या घरात बाया कपडे धुतात, म्हणून तुमाले हे ठाऊक नाही," नत्थुजी म्हणाले. "हळदीचा डाग साबणात पडला, सोड्यात पडला, की लाल होतो. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. कोणत्याबी सुनेले इचारा. आन रक्त दोन दिवसांनी काळंमिच्च पडते, लाल राह्यत नाही. एवढं त पोलिसाले माहीत पायजे होतं."

वामनराव खिडकीबाहेर बघू लागले.

"आता हा सदरा पाहा. सुती हाय. तेजाबानं निथळता माणूस छातीशी धरला म्हणता, आन सदऱ्याले टाचणीएवढं भोक नाही. हे जमुनाचं लुगडं पाहा. माणूस उचललेलं कापड असं दिसते. अन् ही बिडी. खोलीतलं पोतं भुगा झालं, आन बिडीचा सुताचा दोरा तेजाबाच्या थारोळ्यात दोन घंटे पडून शाबूत? ही बिडी मागून टाकली."

"कुणी टाकली असेल, मला काय माहीत?" भगवंतराव म्हणाले. आवाज पातळ झाला होता.

"सांगतो न. घाई काहून?" नत्थुजी खुर्चीत मागे रेलले. "झाकण छताले लागलं. उघडं झाकण बाजूले पडते, वर उडत नाही. म्हणजे ते बंद होतं. बॅटरी भारताना झाकण बंद करन असा माणूस एकच. ज्याले पूजेचं ताट आन दिवा ठेवाले सपाट जागा पायजे. आन पंखा? वाऱ्यानं दिवा विझे, म्हणून बटण खाली केलं. वायूले बाहेर जाची एकच वाट होती, ते तुमी बुजवली, आन वर ज्योत ठेवली. मंग उंबऱ्यावर नारळ फोडाले बाहेर आले. करवंटी पडली हाय तिथं. तेवढ्यात देवमन पाणी घेऊन आला. दिवा पाहून आत पळाला, विझवाले. आन भडका झाला."

नत्थुजींनी पिळलेलं लिंबू टेबलावर ठेवलं.

"तो तुमचा दिवा विझवाले गेला होता, भगवंतराव. तुमी त्याले रांजणापाशी तडफडताना पाह्यलं. मंग आत जाऊन ताट-दिवा उचलला, झाकणावरची हळद बाह्याईनं पुसली, सोड्याच्या बादलीत हात धुतले. बाह्या भिजल्या, लाल झाल्या, आन तुमी म्हटलं वा, रक्त! पोलीस याच्या वेळेले बिडी टाकली आन शूरवीर झाले."

भगवंतरावांनी आधी शेठजींचं नाव घेतलं, मग मुहूर्ताचं, मग देवाचं. शेवटी म्हणाले की पोरगा धर्मावरून अडवतोय असंच त्यांना वाटलं होतं. पूजा करू देणार नाही म्हणजे काय? चार माणसांसमोर खालच्या पोरानं नाही म्हणायचं?

"त्यानं देवाले नाही म्हटलंच नव्हतं," नत्थुजी म्हणाले. "त्यानं ज्योतीले नाही म्हटलं होतं. ते तुमच्या पाटीवर लिवलेलं हाय, पहिल्याच ओळीत. छत्री काढून वाचा. मी सव्वीस वर्स खंडेनवमी केली, पान्ह्याले हळद-कुंकू लावलं, शेडच्या बाहेर, निंबाखाली. देव काही रागावला नाही. तुमाले पूजा कुठं करायची होती? तुमाले त्याले नमवाचं होतं."

वामनराव ताठ उभे राहिले आणि असा संशय आपल्यालाही पहिल्यापासून होताच, असं म्हणाले. नत्थुजींनी त्यांना जबाब लिहायला बसवलं, आणि पहिला जबाब जमुनाचा घ्यायला लावला. बाहेर पडताना त्यांनी फटफटीच्या हँडलवरचा, तेजाबाच्या कामाला लागतो तसला चष्मा काढून खांद्यावरच्या झोळीत टाकला. भगवंतरावांना हरकत घ्यायचं सुचलं नाही.

दवाखान्यात ते देवमनच्या खाटेशी टेकले आणि काहीही न सजवता म्हणाले, "पंखा तू लावला होता. झाकण तू उघडं ठेवलं होतं. बंद करणारा दुसरा होता, त्यानं कबूल केलं."

सुंदराबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मग देवमननं विचारलं, "म्हणजे मी इसरलो नव्हतो?"

"नाही."

पोरानं मोठा श्वास सोडला. नत्थुजींना आता त्याच्यावरही रागवायचं होतं, ते राहून गेलं होतं. "पण तेजाबाच्या खोलीत डोयाले चष्मा काहून नव्हता? कोर्समध्ये हे शिकवत नाहीत काय?"

"चष्मा एकच आला होता, काका, गाडीसंगं मुंबईहून. मी तीनदा मागितला. साहेब म्हणाले, महागाची वस्तू हाय, फोडून टाकशील."

नत्थुजींना शिवी आठवेना. सव्वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. त्यांनी झोळीतून तो जाड काचांचा चष्मा काढला आणि देवमनच्या हातात ठेवला. देवमननं काचांवरून, पट्ट्यावरून बोटं फिरवली. काचांवर रस्त्याची धूळ होती. त्यानं ती सदऱ्याच्या टोकानं पुसली, उजवी आधी, मग डावी, आणि चष्मा उशीखाली ठेवला.