त्सुर्लेआ दोनदा

टिबेरियु त्सुर्लेआला या व्यवहारात एक खोली मिळायची होती. दहाव्या मजल्यावरची, कपडे वाळत घालायची. हल्ली तिथं कुणी रुमालसुद्धा वाळत घालत नाही. त्याचं घर दोन खोल्यांचं, त्यात दात येणारी जुळी, आणि नोकरी घरी बसून करायची. म्हणून तो लॅपटॉप उचलून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसे. त्याला खोली मिळाली की मला माझं टेबल परत मिळणार होतं. म्हणजे या हिशेबात मीही होते.

मी ब्लॉकची, म्हणजे या दहा मजली इमारतीची, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. पाण्याचा खर्च मीटरप्रमाणे, कचरा आणि जिन्यातले दिवे यांचा माणसी वाटायचा, यादी भिंतीवर लावायची आणि वर बोलणी खायची, हे माझं काम. टिबेरियुशी ठरलं ते असं : दारावरच्या मोडक्या घंटा काढून त्यानं स्क्रीन बसवायचा. त्यावर सगळ्यांची नावं. नावाला बोट लावलं की त्या माणसाचा मोबाइल वाजणार, तो हो म्हणाला की दार उघडणार. गुरुवारच्या सभेनं कामाला मान्यता दिली की खोलीची किल्ली त्याची.

पहिल्याच दिवशी शोइमारु बाई फणफणत आल्या. आमच्या लिपीत स आणि त यांच्या पायाशी स्वल्पविराम लटकवला की श आणि त्स होतात. ती वेगळी अक्षरं; स नंतर श, त नंतर त्स. हे शाळेत पोरांना शिकवण्यात बाईंचा जन्म गेला. आणि स्क्रीनवर त्या आणि त्सुर्लेआ दोघंही आमच्या शेवटच्या अक्षराच्या, झच्या मागे, म्हणजे माझ्याही खाली! मी झुग्राव्हु; झुग्राव्हुच्या खाली कुणी असू शकतं हे मलाही नवीनच होतं.

टिबेरियु हसला. म्हणाला, जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेला सॉर्ट, म्हणजे क्रमानं लाव, म्हटलं की ती आपली वर्णमाला बघत नाही, अक्षरांचे आकडे बघते. शेपटीवाल्यांना आकडे मागाहून मिळाले, म्हणून ती रांगेत मागे. एका ओळीत त्यानं ते दुरुस्त केलं. शोइमारु स नंतर आल्या, त्सुर्लेआ त नंतर, मी शेवटी.

आणि माझ्याखाली एक रिकामी ओळ उरली.

त्यानं ती काढली. जेवून येईपर्यंत ती परत होती. पुन्हा काढली, पुन्हा आली. टेबलावर कोपरं टेकून तो स्क्रीनकडे बघत राहिला. मी कॉफी पुढं केली आणि विचारलं, हिला शेवटी कोण बसवतं?

"तसा नियमच आहे, तान्ती." शेजारच्या वयस्क बाईला आमच्याकडे तान्तीच म्हणतात. "यंत्र दोन-दोन नावं उचलतं आणि मला विचारतं, यातलं आधी कोण? मी सांगायचं, हा, किंवा तो, किंवा दोघे सारखे. पण ज्याच्यात काहीच नाही, त्याला ते मुकाट्यानं शेवटी नेऊन ठेवतं."

"विचारतही नाही?"

"विचारायला तिथं कुणी असावं लागतं ना."

सभा तोंडावर आली. शोइमारु बाईंनी बजावलं, ती भोकासारखी ओळ जाईपर्यंत माझी सही नाही. त्या अडून बसल्या की अर्धा ब्लॉक अडून बसतो. तेव्हा टिबेरियुनं त्या रिकाम्या ओळीत स्वतःचंच नाव घातलं. फोन नंबर दिला नाही. आता यंत्रानं विचारलं, उत्तर आलं, आणि ती ओळ निमूट वर सरकून त्याच्या नावाखाली जाऊन बसली. त्सुर्लेआ, त्सुर्लेआ. सभेत तो म्हणाला, एक घरचा, एक वरच्या खोलीचा. लोक हसले, सह्या झाल्या, किल्ली मिळाली.

दुसऱ्या दिवशी त्याची सासू आग्लाया गावाहून आली, विशीनाच्या, म्हणजे आंबट चेरीच्या मुरंब्याची बरणी घेऊन. तिला बारीक अक्षर दिसत नाही. तिनं खालच्या नावाला बोट लावलं. थोड्या वेळानं ती माझ्या दारात आली ती खुशीत. जावई इतक्या वर्षांत पहिल्यांदा माणसासारखा बोलला म्हणे. गुडघ्याची चौकशी केली, मुरंबा चाखला.

टिबेरियु तेव्हा माझ्या टेबलाशीच बसला होता. शेवटची आवराआवर करत होता, आणि सकाळपासून हलला नव्हता.

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. "एवढ्यात खाली आलास?" म्हणाली, आणि निघून गेली.

मी वर जाऊन आले. खोलीला कुलूप होतं. किल्ली त्याच्या खिशात होती. दारापाशी बरणी होती, उघडलेली.

त्यानंतर तो माझ्याकडे बसला तरी बसून राहीना. खिडकी, नळ, दार, पुन्हा खिडकी. घरी जेवायला जाई आणि लगेच परत येई. बायको, लाक्रामिओआरा, त्याला म्हणे, मघाशीच जेवलास की. मी तिला जिन्यात गाठून आडून विचारलं. ती म्हणाली, हल्ली तो फार शांत झालाय, पोरांना घेऊन बसतो. जुळी खरंच रडायची थांबली होती. भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी भर दुपारी तो मला हाताला धरून खाली, दारावरच्या स्क्रीनपाशी घेऊन गेला. मी म्हटलं, खालची ओळ पुसून टाक, संपलं.

"कुठली खालची? दोन्ही नावं सारखी. सारखे असले की जो आधी उभा, तो आधी राहतो."

"मग आधी तूच होतास."

"यादीत होतो, तान्ती. पण सॉर्ट नवी यादी करत नाही. आहे त्याच यादीत माणसं हलवते. जुना क्रम कुठंच उरत नाही."

त्यानं वरच्या नावाला बोट लावलं. त्याचा फोन वाजायला हवा होता.

वाजला नाही.

"कोण आहे?" स्क्रीनमधून आवाज आला. त्याचाच. मागं जुळी हसत होती.

टिबेरियुनं बोट मागं घेतलं.

"कोण आहे?" आवाज पुन्हा म्हणाला, सौजन्यानं.

त्यानं खालच्या नावाला बोट लावलं.

त्याच्या खिशातला फोन वाजला.

संध्याकाळी स्क्रीनवर त्सुर्लेआ एकदाच होता. कुणी पुसला ते मी विचारलं नाही.

जमाखर्च असा. शोइमारु बाईंना त्यांचं अक्षर मिळालं. आग्लायाला जावई मिळाला, लाक्रामिओआराला झोप. मला टेबल. टिबेरियुनं सोमवारी खोलीची किल्ली आणून दिली. म्हणाला, नको, घरीच बरं वाटतं. ज्या खोलीसाठी एवढं केलं तिच्याकडे त्यानं पाठ फिरवली, आणि जाताना मी पुढं केलेल्या कॉफीच्या कपाला हातही लावला नाही.

महिनाअखेरी मी पाण्याचा हिशेब केला. घरोघरच्या मीटरची बेरीज आणि मुख्य मीटर यांत दर वेळी थोडा फरक येतो, गळती म्हणून तो सगळ्यांत वाटतात. या वेळी फरक बरोबर एका जादा माणसाच्या वापराएवढा होता. प्यायचं, अंघोळीचं, सगळं धरून. दहाव्या मजल्यावरच्या त्या खोलीत तर नळच नाही.

मी तो सगळ्यांत सारखा वाटला आणि यादी भिंतीवर लावली. शोइमारु बाईसुद्धा काही बोलल्या नाहीत. सगळ्यांत आधी येऊन आपला वाटा भरला तो टिबेरियुनं, कसला फरक हे न विचारता.