चुलीमागचं पान

टण्ण...

झाकण पडलं. एवढाच आवाज.

पण पंगतीत पोरं डोळे मिटून दुआ म्हणत होती. सगळी आमराई गप्प होती. शिवम्मा दचकली.

खोटं वाटेल, पण हे आमच्या आजेसासूबाईंच्या, शिवम्माच्या बाबतीत घडलंय. साल एकोणीसशे चव्वेचाळीस. निजामाचं राज्य. उमरग्याबाहेरच्या आमराईत दर उन्हाळ्यात शहरातल्या गरीब पोरांसाठी खैरातीचं शिबिर भरायचं. मोकळी हवा, झाडं, दोन वेळचं जेवण. शिवम्मा त्या साली पहिल्यांदाच तिथं स्वयंपाकाला होती. पाच वर्षांची लेक प्रेमा सोबत.

शिबिर चालवणाऱ्या फरिदाबींनी ताकीद दिली होती, "गावातलं एक पोर पंगतीत दिसलं, की तुझं काम गेलं."

म्हणून प्रेमासुद्धा चुलीमागं जेवायची.

शिवम्मानं पंगतीकडं पाहिलं. शिबिरातनं मिळालेले सगळे झगे निळे.

शेवटी एक... पिवळा.

"कुणाची गं तू?"

पोरीनं मान वर केली. केस ओले होते.

"ऊठ बाई. हे तुज्यासाठी न्हाय."

वाढलेल्या पानावरनं शिवम्मानं तिला दंड धरून उठवलं. ऐन वैशाखात दंड... माठासारखा गार.

पोरगी झाडांकडं गेली. खाली वाळका पाचोळा होता.

पण तो वाजला नाही...

"कुणाला उठवलंस?" फरिदाबींनी विचारलं.

"गावातली असंल. पिवळ्या झग्यातली."

फरिदाबींचा चेहरा उतरला.

"पिवळे झगे गेल्या साली होते..."

"मग?"

"एक पोरगी विहिरीत गेली. शिबिर बंद पडेल म्हणून आम्ही बोभाटा केला नाही."

शिवम्माला पदरात तोंड लपवावंसं वाटलं. भरल्या पानावरनं लेकराला उठवलं! तेही ह्याच हातानं.

दुसऱ्या दिवसापासून ती पंगतीच्या शेवटी एक पान मांडू लागली. वरण, भात, गुळाचा खडा.

पान तसंच राहायचं. गुळाला मुंगीसुद्धा लागायची नाही...

शिबिर उठायच्या दिवशी तिनं ते पान उचललं, तशी प्रेमा म्हणाली, "आई, ती तिकडं बसतच न्हाय."

"कोण गं?"

"पिवळ्या झग्यातली. माज्यापाशी बसती की रोज... चुलीमागं."

शिवम्मा चुलीकडं वळली.

प्रेमानं तिचा पदर ओढला.

"आई, आमा दोघींना पंगतीत कवा बसवणार?"