घर विकणे आहे

मध्यंतरानंतर पाऊस सुरू झाला, तेव्हा ब्रिस्को स्टेट कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल संघ, म्हणजे ‘सारस’, एवढ्या गुणांनी मागे होता की फलकाकडे कुणी बघतही नव्हतं. उत्तरेकडच्या स्वस्त बाकांवरच्या निम्म्या लोकांनी डोक्यांवर कागदी पिशव्या चढवल्या होत्या. पावसासाठी नव्हे, लाजेपोटी. किराणा दुकानातली तपकिरी पिशवी, तिला डोळ्यांपुरती दोन भोकं... आपण या संघाचे आहोत हे कुणाला कळू नये म्हणून. अंगात मात्र सगळ्यांच्या जांभळे स्वेटर होते, त्यामुळे ते साऱ्या नेब्रास्काला कळत होतंच.

कोरिनच्या डोक्यावरही पिशवी होती, पण तिचं कारण निराळं होतं. खाली मैदानाच्या कडेला हात मागे बांधून, भिजत उभा असलेला तो उंच माणूस म्हणजे सारसांचा कोच रॉय टॉलिव्हर. आणि कोरिन त्याची एकुलती एक मुलगी. मागच्या सामन्याला ती कोचच्या घरच्यांसाठी राखलेल्या खुर्चीत बसली होती. मागच्या रांगेतल्या एका नीटनेटक्या बाईने पुढे वाकून, अगदी गोड आवाजात तिला सांगितलं होतं, “वडलांना म्हणावं, बाळ, आमच्या गावात सामान हलवायला ट्रक भाड्याने मिळतात.”

त्यानंतर ही पिशवी.

“तुमची भोकं चुकलीत,” शेजारची पिशवी म्हणाली.

“काय?”

“डोळ्यांची. कपाळावर आलीत. मघापासून तुम्ही आभाळ बघताय.”

“आभाळ बरं दिसतंय,” कोरिन म्हणाली. “खाली काय आहे बघण्यासारखं?”

शेजारची पिशवी हसली. आत हवा भरली की ती जराशी फुगायची. तिच्या मालकाने खिशातून छोटा चाकू काढला. “हलू नका. नाक कुठेय?”

“नेहमीच्या जागी.”

“तुमची नेहमीची जागा मला कुठे ठाऊक...”

कागद कुरकुरला, आणि नव्या भोकांतून कोरिनला समोर दोन करडे डोळे दिसले. पापण्यांवर पिठाची बारीक पूड होती. ते डोळे जरा जास्तच वेळ थांबले—मग घाईघाईने मैदानाकडे वळले.

पाऊस वाढला. आधी त्याची पिशवी विरघळली आणि कॉलरसारखी गळ्यात येऊन बसली. आत तिशीच्या आसपासचा, वाकड्या नाकाचा, प्रसन्न चेहरा होता. मग कोरिननेही आपली उतरवली. त्याच क्षणी स्टेडियमभर एक क्षीण आरोळी उठली.

“काय झालं?” तिने विचारलं.

“आपण गुण मिळवलेले दिसतात.”

“तुम्ही पाहिलं नाहीत?”

“नाही,” तो तिच्याकडेच बघत म्हणाला. “आणि फारसं वाईटही वाटत नाहीये.”

त्याचं नाव मिलो व्होन्द्रा. मुख्य रस्त्यावरची बेकरी त्याची आणि त्याच्या आईची. सारसांचं प्रेम त्याला आजोबांकडून आलं होतं, बेकरीसारखंच. आणि बेकरीसारखंच त्याला ते विकून टाकता येत नव्हतं. थोड्या वेळाने सारसांना चौथ्या, शेवटच्या प्रयत्नात फक्त दोन यार्ड पुढे जायचं होतं. टॉलिव्हरने तेही करू न देता चेंडू लाथेने लांब उडवून शत्रूच्या हवाली करायला लावला. तेव्हा मिलो बाकावर उभा राहिला.

“टॉलिव्हर, अरे दोन यार्ड! गुडघे बदललेली माझी आई पण चेंडू घेऊन दोन यार्ड जाईल.”

कोरिनला हसू फुटलं. आपण हसलो याचा तिला धक्काच बसला.

“नाव काय तुमचं?”

“कोरिन.”

“पुढे?”

“पावसात मी आडनाव सांगत नाही.”

ऑक्टोबरभर ती शाळा सुटल्यावर बेकरीत जाऊ लागली. अडखळत बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणं हे तिचं काम. आणि दिवसभर दुसऱ्यांच्या ‘र’ आणि ‘स’वर मेहनत घेतली की जर्दाळूचा मुरंबा भरलेला ‘कोलाची’ नावाचा गोड पाव खाण्याइतकी भूक लागते, असं ती सांगे. ते बरंचसं खरं होतं.

“मलाही एक शब्द उच्चारता येत नाही,” मिलो गल्ल्यामागून म्हणाला.

“कोणता?”

“तुझं आडनाव.”

“रोज सराव कर.”

“कशाचा सराव? ऐकवशील तर...”

“पोरी, त्याला आडनाव देऊ नकोस,” आतून त्याच्या आईचा, ल्युडमिलाचा आवाज आला. “दिलंस तर पाठोपाठ तुझी जन्मतारीख मागेल, आणि केक घेऊन दारात उभा राहील. त्याचा बाप असाच होता.”

सांगायला हवं, असं कोरिनला रोज वाटायचं. पण रोज गल्ल्याशी औषधवाला, निवृत्त पोस्टमास्तर आणि आणखी दोघंतिघं उभे असायचे आणि तिच्या बापाचं काय करायचं यावर खल चाललेला असायचा. मिलोचा एक चुलतभाऊ विमानातून शेतांवर औषध फवारायचा. त्याच्या विमानामागे ‘टॉलिव्हर, घरी जा’ असं फडकं बांधून ते ऐन सामन्यात स्टेडियमवरून फिरवायचं ठरत होतं. अशा बोलण्यात मध्येच तोंड घालून ‘ते माझे वडील’ म्हणायचं, तर कुठल्या वाक्यानंतर म्हणायचं... तिला काही जागा सापडेना. शिवाय तिथून उठून जावं असंही वाटेना.

एका मंगळवारी मात्र तिचा तोल गेला. मिलो म्हणत होता, “भित्रा आहे हा कोच. पोरांना चेंडू लांब फेकूच देत नाही.”

“फेकणार कसा?” कोरिन म्हणाली. “टायरेलचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाहीये.”

टायरेल हा सारसांचा मुख्य खेळाडू. सगळी फेक त्याच्या हातात. त्याच्या खांद्याची गोष्ट टॉलिव्हरने घरी, दार लावून, जेवता जेवता सांगितली होती. बाहेर फुटली तर प्रत्येक संघ त्या खांद्यावरच धडका मारेल, असंही म्हणाला होता. दुकानातल्या गोंगाटात तिचं वाक्य फक्त मिलोने ऐकलं.

“तुला कसं माहीत?”

“दिसतं ना... नीट बघितलं की.”

त्याने नुसती मान हलवली आणि ट्रे घेऊन आत गेला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सारस घरच्या मैदानावर एका अशा संघाकडून हरले, ज्याचं नाव गावातल्या लोकांनी आधी ऐकलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ठोकाठोकीने कोरिनला जाग आली. बापाचा जुना स्वेटर अंगावर चढवून ती ओसरीवर आली. गोठलेल्या दवाने पांढऱ्या झालेल्या अंगणात एका ओळीत लाकडी पाट्या उभ्या होत्या. सगळ्यांवर एकच मजकूर: ‘घर विकणे आहे’. शेवटच्या पाटीपाशी, हातात हातोडी घेऊन, मिलो व्होन्द्रा वाकला होता.

तो उभा राहिला. फाटकाबाहेरच्या गाडीत बसलेल्या त्याच्या मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हळूच काच वर केली.

“कोरिन... तू इथे?”

“हातोडी खाली ठेव. डॅडना पहाटे कुठे डोळा लागलाय.”

“तू टॉलिव्हर,” तो सावकाश म्हणाला.

“आलं बघ उच्चारता.”

“सांगायला हवं होतंस.”

“कधी? तुझी आई दोन यार्ड जात होती तेव्हा? की विमानाला फडकं बांधत होतात तेव्हा?” ती पायऱ्या उतरून पाटीपाशी आली, तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. “अक्षर छान आहे. तुझं?”

“आईचं.”

“हं. आम्ही बरीच गावं केली, मिलो. पाट्या सगळीकडे लागतात. इतक्या सरळ ओळीत कुणी लावल्या नव्हत्या.”

ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती फक्त दमलेली दिसत होती. ती आत गेली, दार आवाज न करता लागलं.

चार दिवस ती बेकरीच्या रस्त्याने गेली नाही. तिला पाट्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. टायरेलच्या खांद्याची बातमी कुठून आली हे आता मिलोला कळलं होतं. म्हणजे ती खरी आहे हेही कळलं होतं. असली बातमी पोटात ठेवणारा माणूस ब्रिस्कोत तिने पाहिला नव्हता.

दर गुरुवारी संध्याकाळी गावच्या रेडिओवर ‘कोचला विचारा’ लागायचं. लोक फोन करायचे आणि टॉलिव्हर उत्तरं द्यायचा. संघ कितीही हरला तरी त्याने हा कार्यक्रम चुकवला नव्हता. कोरिन स्वयंपाकघरात रेडिओ लावून कांदा चिरत बसली. पहिला फोन औषधवाल्याचा.

“कोच, त्या टायरेलला बसवा. पोरगं घाबरट आहे. धक्का लागेल म्हणून हातच उचलत नाही.”

टॉलिव्हर गप्प राहिला. खरं सांगता येत नव्हतं आणि खोटं त्याला जमत नव्हतं. शेवटी निवेदकानेच पुढचा फोन घेतला.

“मी मिलो, बेकरीतून.”

कोरिनची सुरी थांबली.

“बोल, मिलो. आज काय?” निवेदकाने विचारलं.

“टायरेलला घाबरट म्हणू नका, एवढंच. मी त्याचा एकही सामना सोडलेला नाही. तो पोरगा घाबरत नाही.” तो थांबला. एका वाक्यात त्याला सगळ्या गावाचं तोंड बंद करता आलं असतं. “कारण मला विचारू नका. आणि दुसरं... रविवारी कोचच्या अंगणात पाट्या लावल्या त्या मी.”

“तू होय तो,” टॉलिव्हर म्हणाला.

“हो, सर. तुमच्या खेळाबद्दल माझं मत बदललेलं नाही. वाईटच आहे. पण घरात माणसं राहतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. उद्या येऊन काढतो.”

“पाट्या मी काढल्या. खड्डे राहिलेत.”

“बुजवतो.”

रात्री जेवताना टॉलिव्हरने विचारलं, “त्याला खांद्याचं माहीत होतं?”

“माझ्या तोंडून गेलं, डॅड.”

तो बराच वेळ बशीतले वाटाणे एका बाजूला करत राहिला. “या गावात माझ्या संघाबद्दल गप्प बसलेला हा पहिलाच माणूस,” तो म्हणाला, आणि लोणी मागितलं.

शुक्रवारी सकाळी मिलो फावडं आणि गवताचं बी घेऊन आला. टॉलिव्हरने त्याच्या हातात कॉफीचा पेला दिला, ‘माती दाबून बसव’ म्हणाला आणि मैदानावर निघून गेला. कोरिन ओसरीच्या पायरीवर बसली.

“हिवाळ्याच्या तोंडावर गवत उगवत नाही,” ती म्हणाली.

“माहितीये.”

“मग?”

“मग वसंतात परत बघायला यावं लागेल.”

“वसंतात आम्ही इथे नसू.”

त्याने फावडं टेकवलं. “आम्ही म्हणजे... तूही?”

तिने गवताचं बी त्याच्याकडे सरकवलं. त्याने पुढचा खड्डा अगदी सावकाश, गरजेपेक्षा कितीतरी सावकाश बुजवला. मग म्हणाला, “विमान थांबवायचं बघितलं. भाऊ ऐकत नाही.”

शनिवारी विमान आलंच. फडक्यावर टॉलिव्हरच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. कोरिन यावेळी उघड्या डोक्याने, कोचच्या घरच्यांच्या खुर्चीत बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी होती, ती मिलो येऊन बसेपर्यंत. सारं उत्तरेकडचं स्टेडियम त्यांच्याकडे बघत होतं. औषधवाल्याने दुर्बीणच लावली होती.

“गिऱ्हाइकं जातील तुझी,” ती म्हणाली.

“जाऊ देत कुठे जायचं ते. गावात दुसरी बेकरी नाही.”

सारस त्या दिवशीही हरले. मोसम संपला, आणि थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी कॉलेजने टॉलिव्हरला बोलावून घेतलं. बैठक थोडक्यात आटोपली. घरी येऊन त्याने कोट काढला, भांडी घासली, मग सांगितलं. नाताळाआधीच लुइझियानातल्या एका छोट्या कॉलेजात दुय्यम कोचची जागा मिळाली.

“उबदार आहे तिथे,” तो खोकी बांधत म्हणाला. “तुझी खोली नदीकडची घेऊ.”

“डॅड, मी राहतेय.”

चिकटपट्टीचा आवाज थांबला. “बेकरीवाला?”

“शाळा आहे माझी. मुलं अर्ध्यात सोडता येत नाहीत.”

“बरोबर,” तो म्हणाला. लेकीकडे त्याने क्षणभर पाहिलं, आणि उरलेली पट्टी दातांनी तोडली. “शाळेतली मुलं महत्त्वाचीच.”

निघायच्या दिवशी मिलो सामान चढवायला आला. दोघांनी मिळून सोफा उचलला, दारात अडकवला, सोफ्याला शिव्या दिल्या. निरोप घेताना टॉलिव्हरने मिलोचा हात हातात घेतला आणि नुसतंच “सांभाळ” म्हणाला. संघ की मुलगी, ते काही सांगितलं नाही.

गाडी कोपऱ्यावर वळली. आजवर कोरिन नेहमी गाडीत असे. मागच्या काचेतून घरं, झाडं, हात हलवणाऱ्या मैत्रिणी लहान लहान होत जाताना तिने किती गावांत पाहिलं होतं. उभं राहून बघण्याची तिला सवय नव्हती. हात कधी खाली घ्यायचा तेही कळेना. शेवटी मिलोनेच तो धरून खाली घेतला, आणि मग सोडला नाही.

हवेत बर्फाचा वास होता. दोघं मुख्य रस्त्याकडे चालू लागली.

“मी डॅडना सांगितलं की शाळेसाठी थांबतेय,” थोड्या वेळाने कोरिन म्हणाली.

“हो. मलाही त्यांनी तेच सांगितलं.”

“खोटं सांगितलं मी.”

मिलो चालायचा थांबला. त्याच्या पापण्यांवर पांढरं काहीतरी होतं, आणि यावेळी ते पीठ नव्हतं.

“मग... खरं काय?”

“तू आहेस,” ती म्हणाली. “आता चल, थंडी वाजतेय.”