पाच पट्ट्यांची वाळू

माशांची टाकी चार फुटांची, खाऱ्या पाण्याची, चौदा वर्षांची. ती नवऱ्याची. बाहेरून काच पुसणं आणि पंपाच्या आवाजावरून कटकट करणं, एवढाच माझा तिच्याशी संबंध. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि टाकी माझ्या गळ्यात पडली.

ती त्याच्या खाटेसमोरच आहे. आत एक म्हातारा पिवळा मासा, सदा रुसलेला, म्हणून त्याचं नाव सासरेबुवा. नवऱ्याचे डोळे दिवसभर त्याच्या मागे फिरत. डोळे फिरतायत म्हणजे माणूस आत आहे, असं मी धरून चालले होते. दुसरं धरायला काही नव्हतं.

मग तळाची वाळू सडली. काचेतून काळे डाग दिसायला लागले. हात घातला की सडक्या अंड्यांचा वास. सासरेबुवा वर येऊन धापा टाकू लागले. मासा गेला तर नवऱ्याचे डोळे कुठे फिरणार?

नवऱ्याची एक वही आहे. तिच्यात त्याच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं: 'वाळू एकदम काढू नये. टाकीचा जीव तिच्यात असतो. पाच पट्ट्या कराव्या, आठवड्याला एक बदलावी. जुनी वाळू शेवटपर्यंत टाकू नये, बादलीत हवा सोडून जिवंत ठेवावी. एकदा सुरू केलं की मध्ये थांबू नये.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

मी वाचत, चुकत शिकले. मीठ कालवलं, नवी पांढरी वाळू पाणी नितळ होईपर्यंत धुतली. रविवारी सकाळी नळीने डावीकडची पट्टी ओढून काढली. काळं पाणी गुळगुळ करत बादलीत उतरलं. बादली बाथरूममध्ये ठेवली, तिच्यात हवेची नळी सोडली.

मंगळवारी नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं हलली.

व्यायाम घ्यायला येणारे डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी. तुमच्या सेवेचं फळ." मी खूश. सेवेचं फळ म्हणून कोण नको म्हणेल?

दुसऱ्या पट्टीनंतर तो बोलला. पाणी मागितलं. मी दिलं, तर म्हणाला, "आभारी आहे."

बावीस वर्षांत या माणसाने कधी माझे आभार मानले नव्हते. चहा हातात घेऊन "ठमे, साखर संपली का गं घरातली?" असं म्हणायचा, तेच आमचं आभारप्रदर्शन. आजारपणात माणूस सुधारतो म्हणतात. मला दोन दिवस बरं वाटलं.

तिसऱ्या पट्टीनंतर तो उभा राहिला आणि मला अहो म्हणू लागला.

"अहो, खिडकी लावता का जरा?"

माझ्या मागे कोणी उभं आहे का, ते मी वळून पाहिलं.

नणंद भेटायला आली ती रडत-हसत दादाच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडे वळली. "अगं वहिनी, दादा चालायला लागला आणि तू तोंड का पाडलंस?"

"तो मला अहो म्हणतो."

"मग! झाला एकदाचा शहाणा. आमच्याकडे पाठव हा आजार आठ दिवस."

मीही हसले. दुपारी तिला सोडायला तो दारापर्यंत चालत गेला. त्याने तिला हळूच विचारलेलं मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. "या बाई इथे राहायलाच असतात का?"

नणंद खो खो हसली. त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा ती हसली नाही.

बादलीतली वाळू मी रोज हाताने सारखी करायचे. रोज दुपारी तिच्यात खळगा पडलेला असायचा. हवेमुळे पडत असेल, म्हटलं. चौथी पट्टी तिच्यात टाकल्यावर खळगा मोठा झाला आणि मला तो ओळखू आला. गुडघे पोटाशी, मान आत, डावी कूस. नवरा असाच झोपायचा. निम्मं अंथरूण अडवून.

हात लावला. वाळू कोमट होती.

खोलीत तो खुर्चीवर ताठ बसला होता. टाकीत चार पट्ट्या पांढऱ्या, उजव्या टोकाला एकच काळी. सासरेबुवा तिच्यावर अंग चोरून होते. नवरा माशाकडे पाहत नव्हता. काळ्या पट्टीकडे पाहत होता.

"ही कधी काढणार?"

"राहू दे आता."

"मध्ये थांबू नये हो," तो मऊ आवाजात म्हणाला. वाक्य वहीतलं, पण मलाही न ओळखणाऱ्या या माणसाला वही मी कधीच दाखवली नव्हती.

मग ठरवलं. सगळी जुनी वाळू परत टाकीत घालायची. नाही चालला तर नाही चालला, नाही बोलला तर नाही. खाटेवर पडून माशाकडे बघणारा माझा नवरा मला पुरे होता.

चार वाजता त्याचा डोळा लागलासा वाटला. मी बाथरूममध्ये जाऊन दार लोटलं. बादली उचलायला गेले तर हलेना. चार पट्ट्यांचं वजन एवढं नसतं. तांब्याने उपसू म्हटलं, तर तांब्या वाळूत शिरेना. शेवटी हात घातला.

कोपरापर्यंत गेला. आणि मनगट धरलं गेलं.

दुखलं नाही. रस्ता ओलांडताना धरावं तसं.

ओढून पाहिलं. हात सुटेना.

"अरे," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

बाहेर पावलं आली. मोजून टाकलेली, सावकाश. दारापाशी थांबली.

"अहो, तुम्ही बसा निवांत. बाकीचं मी बघतो."

बाहेरून कडी लागली. अगदी हळू, कुणाची झोप मोडू नये तशी.

मी ओरडले नाही. ओरडून कोणाला बोलावणार होते? घरात नवरा होता.

थोड्या वेळाने पलीकडे टाकीत नळीची गुळगुळ सुरू झाली. बराच वेळ चालली. मी ओल्या फरशीवर बादलीला टेकून बसले आणि मनगटावरची बोटं मोजली. चार होती.

गुळगुळ थांबली.

वाळूच्या आत, सावकाश, अंगठा आला.